डोळेवाला लाल बदाम: कॉम दे गार्सोंचे कपडे कसे ओळखावेत, कसे घ्यावेत आणि कसे घालावेत?

पांढरा किंवा काळा टी-शर्ट. छातीवर डाव्या बाजूला छोटासा लाल बदाम आणि त्या बदामाला दोन डोळे.

इन्स्टाग्रामवर हा बदाम तुम्ही नक्की पाहिला असेल. एखाद्या गायकाच्या अंगावर, विमानतळावर फोटो काढून घेणाऱ्या एखाद्या कलाकाराच्या अंगावर, नाहीतर थेट रस्त्यावरच्या ठेल्यावर. ठेल्यावर तो तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. परदेशातल्या अधिकृत दुकानात त्याच दिसणाऱ्या टी-शर्टला शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. आणि या दोन टोकांच्या मध्ये असे कितीतरी ऑनलाइन विक्रेते आहेत जे चार-पाच हजारांना "शंभर टक्के ओरिजिनल" म्हणून काहीही खपवतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती या मधल्या गटात. म्हणूनच हा ब्रँड नेमका काय आहे, त्यात काय काय मिळतं, खरं-खोटं कसं ओळखायचं, जपानमधून मागवताना काय पाहायचं आणि घेतल्यावर ते अंगावर शोभेल असं घालायचं कसं, हे आज नीट समजून घेऊया.

नाव फ्रेंच, ब्रँड जपानी

उच्चार साधारण "कॉम दे गार्सों" असा करायचा. फ्रेंचमध्ये अर्थ होतो "मुलांसारखं". फ्रेंच गायिका फ्रांस्वाज आर्दीच्या एका गाण्यातून हे शब्द आले असं सांगितलं जातं. ब्रँडचा फ्रान्सशी जन्माचा संबंध मात्र काही नाही. तो टोकियोचा आहे.

संस्थापिका रेई कावाकुबो. जन्म १९४२, टोकियो. त्यांनी फॅशन डिझाइनचं शिक्षण घेतलेलंच नाही. केइओ विद्यापीठात त्या कला आणि सौंदर्यशास्त्र शिकल्या. नंतर असाही कासेई या कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी केली, मग स्वतंत्र स्टायलिस्ट म्हणून काम केलं. हवे तसे कपडे बाजारात मिळेनात, तेव्हा स्वतःच करायला घेतले. १९६९ मध्ये हे नाव वापरायला सुरुवात झाली आणि १९७३ मध्ये कंपनीची रीतसर स्थापना झाली.

१९८१ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा कपडे दाखवले. त्याच सुमारास योजी यामामोतो हेही पॅरिसला पोहोचले होते. त्या काळात पॅरिसची फॅशन म्हणजे चमक, रंग, रुंद खांदे, उंच टाचा आणि शरीराला घट्ट बसणारे कपडे. कावाकुबोंनी आणलं ते सगळं काळं, सैल, कच्च्या कडांचं, वेडंवाकडं. १९८२ मध्ये तर भोकं पडलेले स्वेटर आले. ती भोकं उंदराने कुरतडलेली नव्हती. विणकामाच्या यंत्राचे स्क्रू ढिले करून मुद्दाम पाडलेली होती आणि कावाकुबो त्याला "लेस" म्हणत. काही पाश्चात्त्य समीक्षकांनी या कपड्यांचा संबंध थेट अणुबॉम्बशी जोडून त्यांची हेटाळणी केली.

टोकियोत मात्र तरुण मुलंमुली डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालून फिरू लागली. लोकांनी त्यांना नाव दिलं "कारासु-झोकु", म्हणजे कावळ्यांची टोळी.

पुढे १९९७ च्या उन्हाळी संग्रहात त्यांनी कपड्यांच्या आत गाद्या भरून पाठीवर, कमरेवर, खांद्यावर उंचवटे तयार केले. "सुंदर शरीराचा आकार कोणी ठरवला?" असा सरळ प्रश्न त्या कपड्यांतून विचारलेला होता. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी त्याच वर्षी आपल्या एका नृत्यात हेच कपडे वापरले.

२०१७ चा मेट गाला आठवतोय? प्रियांका चोप्राचा तो भलामोठा लांब ट्रेंच कोट घातलेला फोटो आपल्याकडे खूप फिरला होता. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं प्रदर्शन रेई कावाकुबोंवर होतं. हयात असलेल्या डिझायनरवर तिथल्या वेशभूषा विभागाने असं एकल प्रदर्शन भरवण्याची त्याआधीची वेळ होती १९८३ मध्ये, इव्ह सँ लोराँ यांच्यासाठी. गंमत म्हणजे त्या संध्याकाळी आलेल्या बहुतेक पाहुण्यांनी दुसऱ्याच ब्रँडचे कपडे घातले होते. कॉम दे गार्सोंचाच पोशाख घालून आलेल्या मोजक्या लोकांत गायिका रिहाना होती.

एक ब्रँड, अनेक लाइन्स

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. "कॉम दे गार्सों" हे एकच दुकान नाही, ते मोठं कुटुंब आहे. प्रत्येक लाइनची किंमत, कापड आणि स्वभाव वेगळा. मुख्य नावं लक्षात ठेवा.

मुख्य लाइन: पॅरिसच्या रॅम्पवर दिसणारे स्त्रियांचे कपडे. यातले काही तर कपड्यांपेक्षा शिल्पासारखे असतात. सगळ्यात महाग.

ऑम: पुरुषांसाठी १९७८ पासून. त्यातल्या त्यात साधे, रोज घालता येतील असे.

ऑम प्लस: १९८४ पासून. पुरुषांची प्रयोगशील लाइन. कोटाला तीन बाह्या वाटाव्यात असं काहीतरी इथे सापडतं.

शर्ट: १९८८ पासून. नावाप्रमाणे शर्टांवर भर. तुकडे जोडलेले, पट्टे उलटसुलट केलेले, कॉलर भलतीकडे गेलेले शर्ट.

ट्रिको: विणलेले, मऊ, जरा नाजूक वळणाचे स्त्रियांचे कपडे.

प्ले: २००२ पासून. डोळेवाला बदाम तो हाच. हे चित्र फिलिप पागोव्स्की या पोलिश कलाकाराचं आहे. कापड साधं, आकार साधा, वेडेपणा फक्त त्या डोळ्यांत. कॉन्व्हर्सच्या कॅनव्हास बुटांवर डोकावणारा बदामही याच लाइनचा.

सीडीजी: २०१८ मध्ये सुरू झालेली, मोठ्या अक्षरांतल्या नावाचे जॅकेट-टी-शर्ट असलेली लाइन.

याशिवाय कंपनीच्याच छत्राखाली जुन्या वातानाबे (१९९२ पासून) आणि केई निनोमिया यांची नोआर (२०१२ पासून) अशी स्वतंत्र डिझायनरांची लेबलं आहेत. पाकिटं आणि अत्तरं वेगळी. पहिलं अत्तर १९९४ मध्ये आलं.

हे सगळं माहीत असणं का गरजेचं? कारण विक्रेता नुसतं "कॉम दे गार्सों" लिहून प्लेचा टी-शर्ट मुख्य लाइनच्या थाटात विकू शकतो. २००८ मध्ये एच अँड एमसोबत एक स्वस्त संग्रह आला होता, तोही आज जुन्या बाजारात "दुर्मीळ" म्हणून चढ्या भावात दिसतो. त्याच्या लेबलवर दोन्ही नावं असतात. आधी लेबलचा फोटो मागा, भावाचं नंतर बघा.

खरा की नकली?

सगळ्यात जास्त नकला प्लेच्या. पुढच्या गोष्टी एकत्र पाहा. यातली कुठलीही एकच खूण पुरेशी नाही.

बदाम: नेहमीच्या टी-शर्टवर छोटा बदाम भरतकाम केलेला वेगळा तुकडा असतो आणि तो छातीवर शिवलेला असतो. दोरे सुटलेले, कडा फुगलेल्या, डोळ्यांचे आकार भलतेच असतील तर संशय घ्या. अधिकृत दुकानाच्या फोटोशेजारी ठेवून तुलना करा. मोठे छापील बदाम असलेले अस्सल टी-शर्टही असतात, म्हणून "छापलेला म्हणजे नकली" हा नियम चालत नाही.

उलट बाजू: टी-शर्ट उलटा करून बदामामागची शिलाई, खांद्यावरची आणि बगलेतली शिलाई यांचे फोटो मागा. नकला करणारे पुढच्या बाजूवर मेहनत घेतात, आतली बाजू अनेकदा पितळ उघडं पाडते.

कुठे बनलं: प्लेचे टी-शर्ट मुख्यतः जपानमध्ये बनतात, पण "शर्ट" लाइनच्या कपड्यांवर फ्रान्सचं आणि पाकिटांवर स्पेनचं नाव असतं. म्हणजे "मेड इन जपान" नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही आणि आहे म्हणून खरीही ठरत नाही. लाइन कुठली, त्यावर ते अवलंबून आहे.

वर्षाचा शिक्का: जुन्या मुख्य लाइन्सच्या कपड्यांत आतल्या पट्टीवर "एडी" ही रोमन अक्षरं आणि पुढे वर्ष छापलेलं असतं. जुने कपडे जमवणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. पण ते बनवल्याचं वर्ष आहे. उन्हाळी संग्रहाचे कपडे आदल्या वर्षी शिवले जातात, त्यामुळे संग्रहाचं वर्ष आणि शिक्का यांत एका वर्षाचा फरक दिसू शकतो. तेवढ्यावरून विक्रेत्याला खोटं ठरवू नका.

वेबसाइट: ब्रँडचं नाव पत्त्यात घालून, सत्तर टक्के सूट लावून, फक्त बदाम आणि "सीडीजी" हुडी विकणाऱ्या साइट्स गुगलवर ढिगाने सापडतात. पत्त्यात नाव आहे म्हणजे साइट अधिकृत आहे असं नाही. ब्रँडच्या अधिकृत संकेतस्थळावर दुकानांची यादी असते. विक्रेता त्यात आहे का ते पाहा. भारतातला कोणी "अधिकृत" असल्याचं सांगत असेल तर जीएसटीचं पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर जो गप्प होतो, त्याच्याकडे पैसे पाठवू नका.

आणि एक सरळ गोष्ट. तीनशे रुपयांचा ठेल्यावरचा टी-शर्ट घेणाऱ्याला तो नकली आहे हे माहीत असतं. फसतो तो पाच हजार मोजणारा. बजेट पाच हजारांचं असेल तर नव्या "ओरिजिनल" टी-शर्टच्या मागे लागण्यापेक्षा पैसे साठवा किंवा वापरलेल्या मालाकडे वळा.

नवं कुठे मिळतं?

टोकियोत मिनामी-आओयामा भागात ब्रँडचं मुख्य दुकान आहे. पहिलं दुकान १९७५ मध्ये याच परिसरात निघालं. आजच्या दुकानाची वाकडी निळसर काच १९९९ पासूनची आणि ती पाहायलाच लोक येतात. टोकियोला जाणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. जपानमध्ये कपड्यांवर १० टक्के विक्रीकर आहे आणि पर्यटकांना ठरावीक रकमेवरच्या खरेदीत त्याची सवलत मिळते. नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा अशी पद्धत येते आहे, त्यामुळे जाण्याआधी तेव्हाचा नियम बघून घ्या.

दुसरं ठिकाण म्हणजे डोव्हर स्ट्रीट मार्केट. कावाकुबो आणि त्यांचे पती एड्रियन जोफ यांनी हे २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू केलं. आज लंडनसोबत टोकियोचा गिंझा भाग, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, पॅरिस इथेही ते आहे. एकाच छताखाली या कुटुंबातल्या अनेक लाइन्स हाताळून पाहता येतात. लंडनला शिकणारा भाऊ किंवा न्यू जर्सीतली मावशी असेल तर त्यांना नुसता फोटो पाठवून "हे आण" म्हणू नका. लाइनचं नाव, साइज आणि रंग लिहून द्या. आणि येताना विमानतळावर सामानाच्या मर्यादेचा नियम त्यांनाही लागू आहे, हे लक्षात ठेवा.

जपानचा जुना बाजार

मुख्य लाइनचा कोट नवा घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. पण जपानमध्ये वापरलेल्या कपड्यांचा बाजार मोठा, शिस्तीचा आणि प्रामाणिक वर्णनासाठी ओळखला जातो. रॅगटॅग, सेकंड स्ट्रीट यांसारखी दुकानं, मेरकारी आणि याहू ऑक्शन्ससारखी ॲप्स तिथे चालतात. यातले बरेच विक्रेते परदेशात थेट पाठवत नाहीत. तेव्हा बायी किंवा झेनमार्केटसारखी मध्यस्थ सेवा तुमच्या वतीने वस्तू विकत घेते, आपल्या गोदामात ठेवते आणि पुढे पाठवते. किमतीत सेवाशुल्क, जपानमधलं टपाल, आंतरराष्ट्रीय टपाल आणि सीमाशुल्क हे सगळं धरा. स्वस्त वाटलेला शर्ट घरी येईपर्यंत दुप्पट होऊ शकतो.

इथे भारतात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा. आपल्या आयात धोरणात वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. धोरणाचा रोख गाठोड्यांनी येणाऱ्या मालावर आहे, पण एकट्या पार्सलवरही कस्टम्समध्ये प्रश्न उपस्थित होऊ शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पार्सलवर किंमत कमी लिहून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला नाही म्हणा. पकडलं गेलं तर दंड त्याला नाही, तुम्हाला बसतो.

जाहिरात वाचताना हे जपानी शब्द कामी येतील. भाषांतराचं ॲप वापरलं तरी मोजमापांत ते हमखास घोळ घालतं.

काताहाबा: खांद्याची रुंदी
मिहाबा: बगलेपासून बगलेपर्यंत सपाट रुंदी
किताके: कपड्याची लांबी
सोदेताके: बाहीची लांबी
शिनपिन: नवं
चुको: वापरलेलं
योगोरे: डाग
आना: भोक

शेवटच्या शब्दावर थांबा. या ब्रँडमध्ये भोक म्हणजे डिझाइनही असू शकतं आणि कसर लागलेली असू शकते. त्याच कपड्याचा रॅम्पवरचा किंवा दुसऱ्या विक्रेत्याचा फोटो शोधा. भोक त्याच जागी असेल तर ते कावाकुबोंचं, नाहीतर कसरीचं.

साइज: अक्षर विसरा, टेप घ्या

जपानी साइज आपल्यापेक्षा लहान येते. प्लेचे टी-शर्ट अंगाला बेतशीर बसतात, नेहमी मीडियम घालणाऱ्याला अनेकदा लार्ज लागतो. प्लेचे कॉन्व्हर्स मात्र उलटे, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे वाटतात. मुख्य लाइनमध्ये तर अक्षराला फारसा अर्थच नाही, कारण स्मॉल लिहिलेला कोटही तंबूएवढा असू शकतो.

उपाय सोपा आहे. स्वतःला नीट बसणारा एक शर्ट पलंगावर सपाट ठेवा, वर दिलेली चारही मापं टेपने सेंटीमीटरमध्ये घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. जाहिरातीतल्या मापांशी ती ताडून पाहा. खांदा दोन-तीन सेंटीमीटरने उतरत असेल तर चालतं. मिहाबा कमी असेल तर सोडून द्या.

घालायचं कसं?

पहिला नियम: एका वेळी एकच वेडेपणा. शर्टाला तिरकी कॉलर असेल तर पँट साधी, सरळ, गडद. पँट घागऱ्याइतकी घेरदार असेल तर वर अंगाबरोबर बसणारा साधा टी-शर्ट. सगळंच विचित्र घातलं की बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही.

दुसरा: काळ्यावर काळं घालताना कापड बदला. सुती काळा, लोकरी काळा आणि चमकदार पॉलिस्टरचा काळा हे तीन वेगळे रंग आहेत. एकाच पोताचे दोन काळे कपडे मात्र गणवेशासारखे दिसतात, आणि एक विटका असेल तर ते लगेच कळतं.

तिसरा: सैल कपडा कमी साइज घेऊन "फिट" करू नका. तो सैलच कापलेला आहे. लांबी सांभाळायची असेल तर बाही दुमडा, पँट घोट्याच्या वर ठेवा, बूट सपाट घाला.

चौथा: बदामाचा टी-शर्ट असेल तर बदाम एकटाच असू द्या. त्यावर मोठ्या लोगोचा पट्टा, लोगोची टोपी आणि लोगोची पिशवी घातली की पोशाखाचा जाहिरात फलक होतो. पट्ट्यांचा प्ले टी-शर्ट, साधी जीन्स किंवा लिननची पँट, पांढरे बूट एवढं पुष्कळ झालं.

पाचवा, आपल्या हवेसाठी: पॅरिसच्या हिवाळ्यासाठी शिवलेला लोकरी कोट मुंबईत वर्षभर कपाटात बसेल. पुण्या-नाशिकच्या थंडीतही तो मोजकेच दिवस बाहेर निघेल. पहिली खरेदी सुती शर्टाची करा. पॉलिस्टरचे कपडे प्रवासात सुरकुतत नाहीत हे खरं, पण मे महिन्यात लोकलमध्ये ते घालून उभं राहून बघा.

सांभाळायचं कसं?

आतल्या पट्टीवरच्या सूचना पाळा. लोकरीला गरम पाणी नको. इस्त्रीवाल्याला आणि शिंप्याला आधीच सांगून ठेवा की सुटलेल्या कडा, लोंबणारे दोरे, तिरकी बटणपट्टी हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर चांगल्या मनाने कोणीतरी ते "दुरुस्त" करून देईल आणि हजारो रुपयांचा कपडा साधा होऊन परत येईल.

पावसाळ्यात लोकरीला बुरशी आणि कसर दोन्हींचा धोका. कपडा धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत ठेवा. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका आणि मध्ये एखाद्या कोरड्या दिवशी कपडा बाहेर काढून हवा द्या. जड विणलेले स्वेटर हँगरला टांगू नका, घडी घालून ठेवा. टांगले की खांदे ओघळतात, आणि तो आकार मात्र कावाकुबोंनी दिलेला नसतो.

मग घ्यावं की नाही?

नुसता बदाम हवा असेल तर प्लेचा एक टी-शर्ट किंवा एखादं पाकीट अधिकृत दुकानातून घ्या, बरीच वर्षं टिकेल. या ब्रँडचा खरा स्वभाव हवा असेल तर त्याच पैशांत जपानच्या जुन्या बाजारातला "शर्ट" किंवा "ऑम" लाइनचा एखादा सुती शर्ट जास्त काही देऊन जातो. त्यावर बदाम नसेल. लिफ्टमध्ये कोणी ओळखणारही नाही. फारतर एखादी आजी विचारेल, "बटणं चुकीची लावलीस का रे?"

पैसे साठेपर्यंत दुसरा मार्ग खुला आहेच. या कपड्यांचे जुने शो यूट्यूबवर फुकट पाहता येतात. दोन-चार बघा. त्यातलं काय तुम्हाला खरोखर घालावंसं वाटतं आणि काय फक्त बघायला आवडतं, हे तिथेच कळेल, आणि पुढची खरेदी बरीच सोपी होईल.